मुलाखतीला काय घालावं? घाम, पाऊस आणि एसटी धरून कोकणापुरता हिशेब

माझी पहिली मुलाखत रत्नागिरीत होती आणि महिना होता जुलै. आईने ठेवणीतली पांढरी सुती साडी काढली, पेजेच्या निवळीची खळ घातली आणि पाऊस काही थांबेना म्हणून रात्रभर पंख्याखाली वाळवून सकाळी इस्त्री मारली. "बाय, कडक साडीत माणूसही कडक दिसतो," हे तिचं म्हणणं. देवरुखातून सुटलेल्या एसटीत माझ्या खिडकीची काच अर्ध्यावर अडकलेली. हातखंब्यापर्यंत डावी बाजू भिजली, उरलेली उजवी स्टँडवरून चालत जाताना. भिजलेल्या खळीची पुन्हा पेज होते हे मला त्या दिवशी कळलं. साडी पोटऱ्यांना चिकटली, पदर खांद्यावर लगद्यासारखा बसला आणि अंगाला कोमट भाताचा वास यायला लागला. समोरच्यांनी काय काय विचारलं ते आज आठवत नाही. पदर मात्र आठवतो.

नोकरी मिळाली नाही. त्याचा दोष मी साडीला देत नाही, पण उत्तरं देताना माझं निम्मं चित्त साडीत होतं हे खरं.

पुढे टेबलाच्या पलीकडे बसायची वेळ आली. खेड-चिपळूण पट्ट्यात कारखान्याच्या ऑफिसात माणसं घेण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. तिथे बसून जे पाहिलं त्यावरून सांगते: कपडे असे निवडा की खुर्चीत बसल्यावर ते अंगावर आहेत हेच विसरायला व्हावं. ब्लेझर घाला, टाय लावा, हे सल्ले एसी ऑफिसात लिफ्टने जाणाऱ्यांसाठी लिहिलेले असतात. आपल्याकडे उमेदवार दारात येतो तेव्हा त्याचा शर्ट दोन तास उकाड्यात, तासभर एसटीत आणि दहा मिनिटं रिक्षात काढून आलेला असतो. तेव्हा सुरुवात कपाटापासून करू नका. सुरुवात कामापासून आणि रस्त्यापासून करा.

१. काम कोणतं आणि तिथली माणसं काय घालतात

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे दोन दिवस आधी पाळी सुटायच्या वेळी गेटसमोरच्या टपरीवर चहा प्यायला जा. सुपरवायझर, ऑफिसातले क्लार्क, स्टोअरवाले काय घालून बाहेर पडतात ते बघा. तुम्ही ज्या जागेसाठी जाताय त्या जागेवरचा माणूस रोज जे घालतो त्याहून एक पायरी वरचं घाला. एकच पायरी. तो टी-शर्टवर येत असेल तर तुम्ही शर्ट-पँट, तो शर्ट-पँटमध्ये असेल तर तुमची शर्ट-पँट नीट इस्त्रीची आणि पायात बूट. जाणं जमत नसेल तर गावातलं कोणीतरी तिथे कामाला असतंच. कोकणात एवढी ओळख निघत नाही असं होत नाही.

लोटे, महाड, रोह्याजवळचं धाटाव इथे रासायनिक कारखाने आहेत. अशा ठिकाणी मुलाखत खुर्चीत संपेलच असं नाही. "चला, जरा प्लांट बघून येऊ," असं म्हणत साहेब उठतात आणि तुम्हाला हेल्मेट देतात. म्हणून बंद बूट हवेतच. चप्पल, सँडल, उंच टाचा असतील तर दारातच थांबवतात. कपडा सुती किंवा निदान सुती भरपूर असलेला असावा. ज्वालाग्राही द्रव हाताळतात तिथे सिंथेटिक कपड्यावर साठणारी स्थिर वीज नको असते, आणि आग लागलीच तर पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. हे सुरक्षेच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगतात. तुम्ही आधीच तसे आलात तर समोरच्याच्या नजरेतून सुटत नाही. मुलींनी सुटी ओढणी टाळावी. फिरत्या यंत्राजवळ ओढणी, मोकळे केस, सैल बाह्या काहीच चालत नाही. बिनओढणीचा जाडसर कुर्ता किंवा शर्ट-पँट सरळ सोयीचं.

मासळी, काजू, आंबा यांच्यावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात तपासणी वेगळी असते. तिथे कपड्यांआधी हात बघतात. कापलेली नखं, नेलपॉलिश नाही, अंगठ्या-बांगड्या कमीत कमी, अत्तर अजिबात नाही, कारण कामाच्या जागी हे सगळं काढूनच ठेवायचं असतं. आंब्याच्या चिकाचे किंवा काजूच्या डिकाचे काळे डाग हातावर असतील तर लपवत बसू नका. एप्रिल-मेमध्ये ते कोणाच्या हातावर नसतात? एकदा एका मुलाने मुलाखतभर हात टेबलाखाली धरले होते. शेवटी मीच विचारलं तेव्हा कळलं, घरची कलमं आहेत, सकाळी आंबे काढून आलाय. आम्हाला नेमका आंबा कळणारा माणूस हवा होता आणि हा बिचारा तेच झाकत होता.

गणपतीपुळे, तारकर्ली किंवा गोव्यातल्या हॉटेलांत मात्र नीटनेटकेपणाला खरंच गुण असतात. रिसेप्शनला जाणार असाल तर दाढी, केस, नखं, बुटांची पॉलिश, सगळं. पाहुण्यासमोर तुम्ही कसे उभे राहाल हेच ते बघत असतात.

शाळेत शिक्षक म्हणून जाताय तर अंदाज करायचं कारण नाही. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने मार्च २०२४ मध्ये शिक्षकांच्या पोशाखाबद्दल सूचना काढल्या आहेत: महिलांनी साडी किंवा सलवार-चुडीदार, कुर्ता, दुपट्टा, पुरुषांनी शर्ट आणि पँट, शर्ट खोचलेला, जीन्स-टीशर्ट नको, गडद रंग आणि चित्रविचित्र नक्षी नको. मुलाखतीलाही तेच घाला. पतसंस्था, बँक, सरकारी कचेरी इथेही याच वाटेने गेलात तर चुकणार नाही.

जहाजावर जाणाऱ्या मुलांची मुलाखत बहुधा मुंबईत, आणि तिथे पांढरा शर्ट, काळी पँट, काळे बूट, दाढी गुळगुळीत. आपल्याकडे गावात एखादा तरी जहाजावरचा असतो, त्याला विचारा.

२. प्रवास लिहून काढा

हसू नका, खरोखर कागदावर लिहा. घरून पायवाट किती, नाक्यावर एसटीची वाट किती वेळ, तरीतून, म्हणजे फेरीबोटीतून, जायचं का, स्टेशन गावापासून किती लांब. रत्नागिरीचं स्टेशन कुवारबावला, सावंतवाडीचं मळगावला. गाडीतून उतरलात म्हणजे गावात पोचलात असं होत नाही. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ तरीने यायचं असेल तर फेरीबोटीच्या लोखंडी कठड्याला टेकू नका. खारा वारा आणि गंज, शर्टावर पट्टा उठतो आणि तो निघत नाही.

यादी झाली की एका प्रश्नाचं उत्तर द्या: मुलाखतीचे कपडे अंगावर घालून निघायचं, की पिशवीतून न्यायचे? माझ्या मते प्रवास तासाहून जास्त असेल किंवा मृग लागून गेला असेल तर वरचा कपडा तरी पिशवीतूनच न्या. घरून साधा टी-शर्ट घालून निघा, पँट तीच चालेल. पोचल्यावर स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये, स्टँडवर, ओळखीच्याच्या घरी किंवा दुकानात बदला. हे करायला लाज वाटते असं मुलं सांगतात. कसली लाज? गुहागरकडचा एक मुलगा दरवेळी शर्ट हँगरला लावून, वरून ड्रायक्लीनची प्लास्टिकची पिशवी घालून, एसटीत सामानाच्या फळीला अडकवून यायचा. वाटेत सगळे विचारायचे, लग्न कुठे? तो म्हणायचा, ठरतंय. आमच्याकडे पोचला तेव्हा त्याचा शर्ट आमच्या मॅनेजरच्या शर्टापेक्षा सरळ होता.

घाटातून येणाऱ्यांसाठी एक सूचना, जी कुठल्या पुस्तकात मिळणार नाही: कशेडीसारख्या वळणांच्या रस्त्यावर एसटीत खिडकीशी बसलात तर पुढच्या खिडकीतला प्रवासी कसा आहे ते बघा. त्याने लिंबू हुंगायला घेतलं असेल तर काच लावून घ्या किंवा जागा बदला.

मुंबईला जाणार असाल तर रात्रीची कोकणकन्या पहाटे पोचवते आणि मुलाखत असते अकराला. मधल्या वेळात दिव्याला, डोंबिवलीला, नालासोपाऱ्याला काका-मामा असतोच. आंघोळ, इस्त्री, चहा तिथे. शर्ट बॅगेत न्यायचा तर सगळी बटणं लावा, पालथा घाला, बाह्या मागे घ्या आणि आत गुळगुळीत कागद किंवा जुनं मासिक ठेवून घडी करा. वर काही जड ठेवू नका. आईने दिलेले कोकमाचे आगळ, सुकट आणि तुमचा शर्ट एका पिशवीत जाऊ नयेत. हे सांगायची वेळ माझ्यावर आलेली आहे.

३. कापड आणि रंग

कोकणात घामाशी भांडून उपयोग नाही, त्याला जागा करून द्यायची. ठरावीक तापमानाच्या आणि दमटपणाच्या हवेत १०० ग्रॅम कोरडं सुती कापड सुमारे ८ ग्रॅम ओल आपल्यात धरतं. पॉलिस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. म्हणून पॉलिस्टरच्या शर्टात घाम अंगावरच ओघळतो, आणि घामातला तेलकट भाग त्या धाग्याला धरून राहतो. धुतल्यावरही काखेतला वास पुन्हा जागा होतो तो याचमुळे. पण शुद्ध सुती शर्ट एसटीच्या सीटवर तासाभरात चुरगळतो, आणि लिनन म्हणून जे मिळतं ते त्याहून लवकर. मधला मार्ग म्हणजे सुती जास्त आणि पॉलिस्टर कमी असलेलं मिश्रण. ६०-४० चं कापड दुकानात सर्रास मिळतं. उन्हाळ्यात शुद्ध सुती पिशवीतून न्या, पावसात मिश्रण घाला, कारण सुती वाळतच नाही. हा माझा नियम, सगळ्यांना पटेल असं नाही.

रंगाबद्दल सगळीकडे सांगतात, आकाशी शर्ट घाला. मुंबईत ठीक आहे. आपल्याकडे मे महिन्यात आकाशी आणि करडा हे दोन रंग घाम सर्वात ठळक दाखवतात, कारण ओलं झाल्यावर त्यांची छटा एकदम गडद होते. काखेत, पाठीवर नकाशा उठतो. पांढऱ्यावर आणि गडद निळ्यावर घाम फारसा दिसत नाही, बारीक चौकडीवर त्याहून कमी. म्हणून उन्हाळ्यात पांढरा किंवा बारीक चौकडीचा फिकट, पावसात थोडा गडद. पँट काळी, गडद निळी किंवा गडद राखाडी. मातकट रंगाची पँटही वाईट नाही; जांभ्याच्या लाल शिंतोड्यांना ती बऱ्यापैकी आसरा देते.

पांढऱ्याखाली पांढरी बनियन उठून दिसते. अंगाच्या रंगाला जवळची, बाह्यांची बनियन घ्या. बाह्या असल्या की काखेतला घाम तिच्यात मुरतो, शर्टापर्यंत उशिरा पोचतो. मुलींनीही कुर्त्याखाली सुती स्लिप घातली तर हाच फायदा.

साडीबद्दल माझं मत तुम्ही ओळखलं असेल. खळीची सुती साडी डिसेंबर ते फेब्रुवारीत देखणी दिसते, तेव्हा खुशाल नेसा. पावसात नको. त्या दिवसांत हलकी, न चुरगळणारी, अंगाबरोबर पडणारी साडी बरी, आणि निऱ्यांना आतून एक, पदराला खांद्यावर एक अशा पिना. घोट्याच्या थोडी वर नेसा. काठ चिखलात बुडवून मग तो झाकत बसण्यापेक्षा ते चांगलं. आणि साडी रोज नेसत नसाल तर मुलाखतीला पहिल्यांदा नेसू नका. सलवार-कुर्त्यात कोणी तुम्हाला कमी गुण देत नाही. ओढणी दोन्ही खांद्यांवर पिनेने लावा म्हणजे हात मोकळे राहतात.

जीन्स? गडद, न फाटलेली, साधी जीन्स काही ठिकाणी चालते, विशेषतः वर्कशॉपमध्ये. पण ती भिजली की जड होते आणि कोकणात दोन दिवस वाळत नाही. एवढ्याच कारणासाठी मी नको म्हणेन.

४. मापात आहे का, ते बसून बघा

आरशासमोर उभं राहून सगळ्यांचंच बरं दिसतं. मुलाखत बसून द्यायची असते. घरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर दहा मिनिटं बसा. शर्टाची बटणं पोटावर ताणून फटी पडतात का? कुर्त्याचा कट मांडीवर वर सरकतो का? हात पुढे करून फाइल दिल्यासारखं करा. काखेत ओढ बसते का? खाली वाका, शर्ट पँटमधून बाहेर येतो का? आला तर शर्ट आखूड आहे.

खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर यावी, बाही मनगटाच्या हाडापर्यंत, कॉलरचं बटण लावल्यावर आत दोन बोटं जावीत. पँट बुटाला टेकावी, त्यावर गोळा होऊ नये. पावसाळ्यात अर्धा इंच वर असली तरी कोणी काही म्हणत नाही.

मुंबईच्या दादाचा शर्ट मागून आणला असेल तर ही परीक्षा त्याचीही घ्या. उसना शर्ट घालण्यात कमीपणा काही नाही. आमच्या घरी तीन चुलतभावांत एक पांढरा शर्ट होता आणि तिघेही नोकरीला लागले. पण खांदा उतरलेला असेल तर गावातल्या शिंप्याकडून खांदा आणि बाही घेऊन आणा. नवा शिवायचा असेल तर वेळ धरा. गणपतीच्या आधीचा महिनाभर शिंपी तुम्हाला "उद्या" म्हणेल, आणि तो उद्या अनंत चतुर्दशीनंतर उगवेल. नवा कपडा घालण्याआधी एकदा धुवा: कोरा कडकपणा जातो, आटायचा तेवढा आटतो, रंग जायचा असेल तर घरीच जातो.

५. पाय

माणूस दारातून आत येताना पॅनेलची नजर आधी चेहऱ्यावर जाते, मग सरळ पायांवर. आणि कोकणात बिघडतात ते पायच.

पावसात बूट घालून निघू नका. बूट प्लास्टिकच्या पिशवीत, त्यात मोजे, एक जुनं फडकं आणि मोज्यांचा दुसरा जोड. पायात मागे पट्टा असलेले फ्लोटर्स. रबरी स्लीपर घालू नका, तिची टाच प्रत्येक पावलाला चिखल उडवते आणि पँटच्या मागे, पोटरीपर्यंत, लाल ठिपक्यांची रांगोळी काढते. तुम्हाला ती दिसत नाही; तुम्ही पाठ फिरवून जाता तेव्हा आम्हाला दिसते. पँट दोन घड्या वर दुमडून चाला. पोचल्यावर नळावर पाय धुवा, फडक्याने बोटांमधलं पाणी टिपा, मग मोजे. ओल्या पायावर मोजा चढवलात की अर्ध्या तासात त्याचा वास खोलीभर.

शिंतोडे उडालेच तर ओले असताना पुसू नका. जांभ्याच्या मातीचा लाल रंग लोहाचा असतो, चोळलं की धाग्यात शिरतो. वाळू द्या, नखाने किंवा ब्रशने झटका, राहील ते ओल्या रुमालाच्या टोकाने टिपा. घरी धुताना ब्लीच घालू नका, लोहाचा डाग त्याने जात नाही. लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवला तर बराच फिका होतो, ऊन मिळालं तर. बोंडूच्या, म्हणजे काजूच्या फळाच्या, रसाच्या डागावर मात्र माझ्याकडे उपाय नाही. तो शर्ट काजूच्या बागेला द्या.

चामड्याचे बूट पावसाळ्यात कपाटात ठेवले की त्यांच्यावर पांढरी बुरशी येते. मुलाखतीच्या आदल्या रात्री ती दिसते आणि मग धावपळ. आठवडाभर आधीच काढा, कोरड्या फडक्याने घराबाहेर पुसा, व्हिनेगरमध्ये थोडं पाणी घालून हलकं पुसून वाऱ्याला ठेवा, मग पॉलिश. पट्टाही बघा, बुरशी पट्ट्याला आधी धरते. पट्टा आणि बूट एकाच रंगाचे असले की बस्स. नवे बूट असतील तर चार दिवस घरात घालून फिरा. लंगडत येणाऱ्या उमेदवाराला "पायाला लागलं का?" असं विचारलं की तो गोंधळतो.

६. वास

याबद्दल कोणी तोंडावर सांगत नाही, म्हणून मी सांगते. बंद खोलीत चार माणसं, वर पंखा, आणि समोरच्याच्या शर्टाला कुबट वास. जुलै-ऑगस्टमध्ये तीन दिवस न वाळलेल्या कपड्याला तो येतोच, आणि घरातल्या माणसाला तो कळत नाही, कारण सगळ्या घरालाच तसा वास येतो. चुलीच्या वर वाळवलेल्या कपड्याला धुराचा. सकाळी घरात बांगडे तळले असतील तर दाराच्या खुंटीवरच्या शर्टाला बांगड्यांचा. मासे मलाही जीव की प्राण आहेत, पण त्या दिवशी सकाळी डाळ-भात.

उपाय साधे. मुलाखतीचं पत्र आलं, त्यानंतर ज्या दिवशी पहिलं ऊन पडेल त्या दिवशी तो जोड धुवा. ऊन नसेल तर पिळून पंख्याखाली हँगरला लावा, किंचित दमट असतानाच इस्त्री फिरवा. इस्त्रीच्या उष्णतेने उरलेली ओल जाते आणि सुती कापड सरळही होतं. मग गार होऊ द्या, आणि प्लास्टिकच्या पिशवीत कापराची वडी कागदात गुंडाळून ठेवा. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांचा वास कुबट वासाहून वाईट. इस्त्री आदल्या दिवशी दुपारीच. संध्याकाळी वारा सुटला की वीज जाते आणि सकाळी येईलच असं नाही. गावात कोळशाची इस्त्री करणारा असेल तर त्याच्याकडे द्या, त्याची घडी आपल्या हाताला येत नाही.

अत्तर, स्प्रे फार मारू नका. आणि एक मन मोडणारी गोष्ट: मार्चच्या सुमारास वेंगुर्ल्याकडच्या मुली सुरंगीचा वळेसर माळून येतात. मला तो वास इतका आवडतो की मी उमेदवाराला काय विचारायचं तेच विसरते. पण पॅनेलवर डोकं धरणारा एखादा असतोच. वळेसर परतीच्या वाटेसाठी ठेवा.

टिकली, मंगळसूत्र, कानातलं, मनगटातला गंडा, जे रोजचं आहे ते असू द्या. वाजणाऱ्या बांगड्या तेवढ्या काढा. बोलताना हात हलले की उत्तराआधी त्याच ऐकू येतात.

७. मोबाइलवर मुलाखत असेल तर

हल्ली पहिली फेरी बऱ्याचदा व्हिडिओवर होते. वर शर्ट आणि खाली बर्म्युडा घालून बसू नका. मध्येच रेंज गेली की उठून अंगणात पळावं लागतं आणि कॅमेरा चालूच असतो. भिंत ज्या रंगाची त्याच रंगाचा शर्ट नको. बारीक रेघांचा शर्टही नको, पडद्यावर रेघा थरथरतात. खिडकी समोर घ्या, पाठीशी नाही.

८. आदली रात्र, तो दिवस आणि परत आल्यावर

आदल्या रात्री सगळा जोड घालून बघा आणि घरातल्या एका स्पष्टवक्त्या माणसाला दाखवा. माझ्या एका भाच्याने चमकदार जांभळा शर्ट घातला होता, आजीने ओटीवरूनच विचारलं, "नवरा कोण, तू?" शर्ट बदलला गेला. एवढी सेवा आरसा देत नाही.

पिशवीत ठेवायचं: दोन रुमाल (एक घामाचा, एक कोरडा राहील असा), सेफ्टी पिना, सुई आणि शर्टाच्या रंगाचा दोरा, छोटा कंगवा, मोज्यांचा दुसरा जोड. सर्टिफिकेटांची फाइल प्लास्टिकमध्ये, आणि ती प्लास्टिकची पिशवी पुन्हा पिशवीत. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो आडवा येतो. छत्री डोकं वाचवते, फाइल नाही. दोन तुकड्यांचा रेनकोट, पँटसकट, घेतलात तर कपडे बदलायची पाळीही येणार नाही.

वीस मिनिटं आधी पोचा. ती वीस मिनिटं घाम निथळायला हवीत. लगेच आत जाऊन बसू नका. सावलीत उभे राहा, मनगटांवर आणि मानेवर गार पाणी मारा, चेहरा पुसा, मग शर्ट चढवा किंवा नीट खोचा. गरम चहा नंतर.

घरी परतल्यावर कितीही दमला असाल तरी तो शर्ट त्याच दिवशी धुवा, कारण दुसऱ्या फेरीचा निरोप आठवड्यात येऊ शकतो आणि घामट शर्ट तोवर पिवळा पडतो. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, चुलीजवळ ठेवू नका, चामडं तडकतं. रात्री झोपताना ओले बोळे काढून कोरडे भरा.